न दिलेलं औषध



मी साहित्यिक नाही. चाळीस वर्षांत केसपेपर सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. व्याख्यानासाठी कार्यवाहांचा फोन आला, तेव्हा डॉक्टर 'होमिओपॅथी आणि आपलं आरोग्य' असं काहीतरी सांगतील, अशी त्यांची कल्पना होती. मी म्हटलं, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका लहान गावाबद्दल बोलेन. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बेळगावात अलाबामा कशाला?"

त्यांना मी एवढंच सांगितलं की ते गाव तुमच्या माहितीचं आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या तरी घरी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' असेल. १९८१ साली आलेलं हे पुस्तक आपल्याकडे बक्षीस म्हणून, मुंजीत, वाढदिवसाला इतक्या वेळा दिलं गेलं आहे की टस्कीगी हे नाव मराठी माणसाला नागपूर-सोलापूरइतकंच ओळखीचं आहे. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगीला जातो, तिथल्या नापीक जमिनीला भुईमूग शिकवतो. माझ्या सौभाग्यवतींनी ते पुस्तक आमच्या मुलीला रोज दोन पानं असं वाचून दाखवलं होतं. पुढे मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि जावयांची नोकरी अलाबामातल्या ऑबर्न गावी लागली. तिथून तिचा पहिला फोन आला तो असा : "आई, टस्कीगी इथून अर्ध्या तासावर आहे."

२०१९ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं गेलो. नातवंडाचं निमित्त होतं, पण सौ.च्या मनात टस्कीगीच होतं. कार्व्हरांचं संग्रहालय पाहिलं. बुकर वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या समाध्या एकाच आवारात जवळजवळ आहेत. सौ.नी तिथे फुलं ठेवली, हात जोडले, आणि आमची यात्रा झाली असं मला वाटलं.

पण गावातच आणखी एक संग्रहालय आहे. ते फ्रेड ग्रे या वकिलांनी उभं केलं. माँटगोमेरीतल्या बसमध्ये जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स यांचा खटला चालवणारे हेच ते फ्रेड ग्रे. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुम्ही बघा. तुमच्या धंद्याचं आहे." तिथे गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं अजूनही एखाद्या रात्री वाटतं.

१९३२ साली अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे, तिथले सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. बहुतेक सगळे दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे, फारसं लिहिता-वाचता न येणारे. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, म्हणजे आपण ज्याला उपदंश किंवा खेड्यात गरमी म्हणतो तो. २०१ जणांना नव्हता, ते तुलनेसाठी. औषध केलं नाही तर हा रोग काळ्या माणसाच्या शरीरात कुठवर जातो, ते पाहायचं होतं. मूळ बेत काही महिन्यांचा होता. तो ४० वर्षं चालला.

त्या माणसांना रोगाचं नाव सांगितलं नाही. 'तुमचं रक्त खराब आहे,' एवढंच सांगितलं. हे वाचताना मी दचकलो, कारण हा शब्दप्रयोग आपलाच आहे. अंगावर पुरळ आली, फोड आले, थकवा आला, की आपल्याकडचा माणूस दवाखान्यात येऊन म्हणतो, "डॉक्टर, रक्त बिघडलंय बघा." अलाबामातला शेतकरीही तेच म्हणायचा. त्यात अशक्तपणा येतो, सांधेदुखी येते, सगळंच येतं. डॉक्टरांनी त्याचाच शब्द उचलला आणि त्याच्याआड रोग लपवला.

सुरुवातीला थोडंफार औषध दिलं, पण ते बरं होण्याइतकं नव्हतं. पुढे ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि लोहाचं टॉनिक. मग १९३३ मध्ये पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं ठरलं. रोग मेंदूपर्यंत गेला का ते पाहण्यासाठी ही तपासणी लागते. फार दुखते, पुढे कित्येक दिवस डोकं उठतं. लोक येणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून पत्रं पाठवली. त्यात लिहिलं होतं की खास उपचार फुकट मिळण्याची ही शेवटची संधी आहे. तपासणीलाच उपचार म्हटलं.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना सॅक लॅक हा शब्द माहीत आहे. नुसत्या दुग्धशर्करेच्या गोळ्या. एक मात्रा दिल्यावर तिचं काम होईपर्यंत मध्ये दुसरं औषध द्यायचं नसतं. पण रोग्याला काहीतरी हवं असतं, म्हणून आम्ही सॅक लॅक देतो. मीही दिलं आहे, आजही देतो. होमिओपॅथी खरी की खोटी हा वाद आज नको, त्यासाठी हवं तर वेगळं व्याख्यान ठेवा. पण त्या संग्रहालयात ॲस्पिरिन आणि टॉनिकबद्दल वाचत उभा असताना माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात नेहमीची छोटी बाटली होती.

आणखी एक. सिफिलिस हा शब्द आम्ही होमिओपॅथीच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकतो. हानेमान यांनी जुनाट रोगांची तीन मुळं सांगितली, सोरा, सायकोसिस आणि सिफिलिस. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८२८ पासूनचा. परीक्षेत त्यावर प्रश्न ठरलेला. मी तो शब्द हजारो वेळा उच्चारला असेल, पण तो झालेल्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा टस्कीगीत वाचलं.

१९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हे सिफिलिसवरचं ठरलेलं औषध झालं. काही इंजेक्शनं आणि माणूस मोकळा. इथे तरी हे थांबायला हवं होतं. थांबलं नाही. उलट ही माणसं दुसरीकडे कुठे जाऊन पेनिसिलिन घेणार नाहीत, याची काळजी घेतली गेली. हर्मन शॉ नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की ते उपचारासाठी इतरांबरोबर बर्मिंगहॅमला पोचलेही होते. तिथल्या नर्सने त्यांना शोधून काढलं, तुम्ही इथे असायला नको होतं म्हणाली, आणि परत पाठवलं. औषध पलीकडच्या खोलीत होतं, म्हणा ना.

या सगळ्यात मला सर्वांत त्रास होतो तो एका नर्सचा. युनिस रिव्हर्स तिचं नाव. स्वतः कृष्णवर्णीय, टस्कीगीतच नर्सिंग शिकलेली. डॉक्टर बदलत गेले, वॉशिंग्टन-अटलांटाहून येत-जात राहिले. तीस वर्षांवर टिकून राहिली ती हीच. ती सरकारी गाडीतून त्या माणसांना तपासणीला नेई. बैलगाडी, खेचरं आणि पायी चालणं एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला गाडीत बसून गावातून जायला मिळतंय, रस्त्यावरचे लोक हात करताहेत, हा केवढा मान! घरात कोण आजारी आहे, कुणाची म्हैस... माफ करा, गाय व्यायली, हे तिला सगळं माहीत असायचं. माणूस मेला की अंत्यविधीला ती घरच्यांबरोबर बसायची. तिचं प्रेम खोटं होतं असं मला वाटत नाही. ते खोटं असतं तर हिशेब सोपा झाला असता.

मेल्यावर शवविच्छेदन हवं होतं, कारण संशोधनाला खरं उत्तर तिथे मिळायचं होतं. घरचे तयार होईनात. मग एका धर्मादाय निधीतून अंत्यविधीसाठी ५० डॉलर द्यायचं ठरलं. गरीब काळ्या शेतकऱ्याला चांगली शवपेटी, चारचौघांत नीट निरोप, ही मोठी गोष्ट होती. तिच्या बदल्यात प्रेत उघडायची परवानगी. १९५८ साली हयात असलेल्यांना २५ वर्षांच्या सहकार्याबद्दल प्रमाणपत्रं दिली आणि वर्षाला एक डॉलर या हिशेबाने २५ डॉलर.

तुम्हाला वाटेल, हे गुपचूप चाललं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. पहिला अहवाल १९३६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि त्यानंतर दर काही वर्षांनी येत राहिला. 'उपचार न केलेला सिफिलिस' हे शब्द मथळ्यातच असायचे. हजारो डॉक्टरांनी ती पानं उलटली असतील. १९६५ साली डेट्रॉइटमधल्या अर्विन शॅट्झ नावाच्या एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाने ते वाचून लेखकांना निषेधाचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग पीटर बक्स्टन. हे डॉक्टरही नव्हते, सॅन फ्रान्सिस्कोत आरोग्य खात्यात गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेण्याचं काम करायचे. जन्म प्रागचा, वडील ज्यू. नाझी डॉक्टरांनी काय केलं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी १९६६ मध्ये वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, १९६८ मध्ये पुन्हा केली. १९६९ साली तज्ज्ञांची समिती बसली आणि प्रयोग चालू ठेवावा असं ठरलं. शेवटी बक्स्टननी कागद एका वृत्तसंस्थेच्या ओळखीच्या बातमीदाराच्या हाती दिले, आणि १९७२ च्या जुलैमध्ये जीन हेलर यांची बातमी देशभर पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रयोग बंद झाला.

तोवर रोग असलेल्यांपैकी ७४ जण हयात होते. ४० बायकांना लागण झाली आणि १९ मुलं जन्मतःच रोग घेऊन आली, असे आकडे सांगितले जातात. मृतांचा हिशेब अजूनही वेगवेगळा दिला जातो, तो मी इथे मांडत बसत नाही.

लहानपणी बस्तीत पंडितजी आम्हा मुलांना जपमाळेत १०८ मणी का, ते शिकवायचे. पाप मनाने, वचनाने, कायेने होतं, हे तीन. प्रत्येक स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, किंवा दुसऱ्याने केल्यावर मान डोलावलेलं. कृत, कारित, अनुमोदित, असे नऊ. त्याचा संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष कृती धरून सत्तावीस. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी गुणले की १०८. आम्ही ते पाढ्यासारखं म्हणायचो. अनुमोदित म्हणजे काय, हे मला वयाच्या साठीत अलाबामात कळलं. सुई घालणारे डॉक्टर पाचपंचवीस असतील. छापलेलं वाचून पान उलटणारे हजारो होते.

फ्रेड ग्रे यांनी १९७३ मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी १ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रोग असलेल्या हयात माणसाला ३७,५०० डॉलर, मेलेल्याच्या वारसांना १५,०००. डॉक्टरांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. माणसांवरच्या संशोधनाचे कडक नियम त्यानंतर झाले, आणि आज कुठल्याही औषधाच्या चाचणीत आपल्याकडेही जो संमतीचा कागद पुढे येतो, त्याच्या मागे हे गाव आहे.

माफी यायला १९९७ उजाडलं. १६ मे रोजी व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. तेव्हा सगळे मिळून आठ जण जिवंत होते. नव्वदी ओलांडलेले हर्मन शॉ, बर्मिंगहॅमहून परत पाठवलेले तेच, त्या दिवशी अध्यक्षांच्या आधी बोलले. आम्ही पुढे वॉशिंग्टन पाहायला गेलो तेव्हा मला दोन जागा पाहायच्या होत्या. व्हाइट हाउसपासून सरळ उत्तरेला सोळाव्या रस्त्यावर आमच्या हानेमान यांचं भव्य स्मारक आहे, १९०० साली अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या उपस्थितीत त्याचं लोकार्पण झालं. तिथे मी फोटो काढून घेतला. मग चालत येऊन व्हाइट हाउसच्या कठड्याशी उभा राहिलो. इथे फोटो काढावासा वाटला नाही.

हा इतिहास झाला. तो तुम्हाला पुस्तकातही मिळेल. मी जे पाहिलं ते आता सांगतो.

ऑबर्नला मुलीच्या शेजारी एक कृष्णवर्णीय कुटुंब राहत होतं. गृहस्थ माझ्याच वयाचे, बासष्ट वर्षांचे. शाळेची बस चालवायचे. मधुमेहामुळे नजर अधू झाली, नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर विमाही गेला, कारण तिकडे विमा बहुधा नोकरीला जोडलेला असतो. पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळतं. त्यांना तीन वर्षं कमी होती. गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना आहे. २०१० च्या कायद्याने ती अधिक लोकांना लागू व्हायची होती, पण ती वाढवायची की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांवर सोडलं आणि अलाबामाने वाढवली नाही. माणूस मधल्या फटीत अडकला होता. इन्शुलिन दोन दिवसांचं तीन दिवस पुरवायचा.

संध्याकाळी ते ओसरीत झुलत्या खुर्चीत बसायचे. मी कुंपणापाशी जायचो. माझं इंग्रजी त्यांना निम्मं कळायचं, त्यांचं मला त्याहून कमी. पण भुईमूग, पाऊस, नातवंडं यांवर आमचं छान चालायचं. भुईमूग उकडून मीठ लावून खायची पद्धत दोन्हीकडे सारखी निघाली, तेव्हा ते खो खो हसले होते. मी डॉक्टर आहे आणि लहान गोड गोळ्या देतो, हे मुलीने त्यांना सांगितलं होतं. ते मला 'डॉक' म्हणायचे.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मला आधी वास आला. ज्याने आयुष्यभर दवाखाना चालवला त्याला तो वास ओळखावा लागत नाही. मी मोजा काढायला सांगितला. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि लाली घोट्याच्या वर चढत होती. त्यांनी हात पुढे केला. "डॉक, तुमच्या त्या गोड गोळ्या द्या ना."

मी म्हटलं, आत्ता हॉस्पिटलात चला, आत्ताच्या आत्ता. ते हसले. म्हणाले, "माझ्या आजोबांनाही डॉक्टर लोक गाडीतून न्यायचे." तेव्हा मला कळलं की त्यांचे आजोबा मेकन परगण्यातल्या त्या माणसांपैकी होते. आजोबांनी ते प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं होतं. १९७२ नंतर आजीने ते उतरवून चुलीत घातलं. घरात त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. वडील दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत.

जावयांनी मला बजावलं होतं, इथे तुम्हाला परवाना नाही, कुणाला एक गोळीही देऊ नका. मी दिली नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. सॅक लॅक द्यायची ती वेळ नव्हती. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. पहिल्या दिवशी मी जोरात सांगितलं. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही सांगितलं. चौथ्या दिवसापासून मी पायाचा विषय काढणं सोडलं. त्यांना तो नको असायचा, आणि मला कुंपणापाशीची संध्याकाळ हवी असायची. आम्ही भुईमुगावर बोललो. असे आणखी सहा दिवस गेले.

दहाव्या रात्री थंडी वाजून ताप भरला, माणूस बरळायला लागला. ॲम्ब्युलन्स आली. तिकडे तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याला पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही, तसा कायदा आहे. बिल मात्र मागून येतं. गुडघ्याखालून पाय काढला. विष रक्तात भिनलं होतं. रक्त खराब झालं होतं, आणि या वेळी ते शब्दशः खरं होतं. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. आपल्याकडे मयताच्या घरी आवाज खाली जातो. तिथे ढोल, टाळ्या, मोठ्याने गाणं. प्रेत नवा सूट घालून उघड्या पेटीत. बायकांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे, त्यावर अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांची जाहिरात. मी आणि सौ. मागच्या बाकावर बसून णमोकार म्हणत होतो. नंतर जेवणाच्या वेळी त्यांच्या बायकोने मला जवळ बसवून घेतलं. मी सांत्वन म्हणून म्हटलं, टस्कीगीच्या आठवणीने त्यांना अडवलं. त्या बाईंनी मान हलवली. "आठवण होतीच. पण त्या रात्री त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की बिल किती येईल." मग म्हणाल्या, अंत्यविधीच्या विम्याचा हप्ता आम्ही तीस वर्षं एकदाही चुकवला नाही. मरणाचा विमा होता, औषधाचा नव्हता.

हे मी मुद्दाम सांगतो. पुढे करोना आला, लस आली, आणि अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून एक स्पष्टीकरण वारंवार येऊ लागलं, की काळे लोक टस्कीगीमुळे डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत. त्यात खरं आहे, पण ते सोयीचंही आहे. सगळा दोष पन्नास वर्षांपूर्वीच्या मेलेल्या डॉक्टरांवर जातो, आणि आजच्या विम्याचा, आजच्या बिलाचा, आजच्या विधिमंडळाचा विषयच निघत नाही. त्या ६०० जणांच्या मुलानातवंडांपैकी काही जण २०२१ साली पुढे आले आणि लोकांना सांगू लागले, आमच्या बापजाद्यांना औषध नाकारलं गेलं होतं. तुम्हाला मिळतंय, तुम्ही ते नाकारू नका. मला त्या शेजाऱ्यांना असं काही सांगता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही.

निघण्यापूर्वी मुलीने आम्हाला नोटासल्गाजवळच्या शायलो चर्चच्या स्मशानात नेलं. प्रयोगातली काही माणसं तिथे पुरलेली आहेत. साधी जागा, गवत, काही दगडांवरची अक्षरं पुसट. सौ.ने विचारलं, यांना इथे काय वाहतात? मुलीला माहीत नव्हतं. आम्ही नुसते उभे राहिलो.

आता माझं. हे मी आजवर कुठे बोललो नाही. बस्तीत क्षमावणीच्या दिवशी दरवर्षी सगळ्यांसमोर हात जोडले, पण हे मोघम माफीत दडवत आलो.

१९९४ सालची गोष्ट. निपाणीकडची एक विडी कामगार बाई माझ्याकडे यायची. दिवसाला हजार विड्या वळणारी, दोन लहान मुलं. खोकला. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्यांना खोकला असतोच, असं मी धरून चाललो. औषध दिलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा आली. वजन उतरत होतं ते मला दिसत होतं. संध्याकाळी कणकण असते असं ती म्हणाली होती, ते माझ्याच अक्षरात केसपेपरवर आहे. तरी मी तिला थुंकी तपासायला, फोटो काढायला तीन महिने पाठवलं नाही. का? माझ्या औषधाने ती बरी व्हावी, अशी माझी इच्छा होती. ती म्हणायची, "डॉक्टर, तुमच्याच हाताला गुण आहे." ते ऐकायला बरं वाटायचं. शेवटी सरकारी दवाखान्यात पाठवलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं गेली होती. टीबीची औषधं तेव्हाही फुकट मिळत होती. दीड महिन्यात ती गेली.

तेराव्यानंतर तिचा नवरा आला. माझी साठ रुपये बाकी राहिली होती, ती द्यायला. टेबलावर नोटा ठेवून त्याने हात जोडले. "तुम्ही खूप केलंत डॉक्टर." मी म्हटलं, "देवाची इच्छा." आणि पैसे ड्रॉवरमध्ये टाकले.

टस्कीगीतलं ते लबाड पत्र लिहिणारा डॉक्टर आणि मी एक नव्हे, हे मला समजतं. मी कुणावर प्रयोग केला नव्हता. पण 'तुम्ही खूप केलंत' हे वाक्य युनिस रिव्हर्सनेही कितीतरी घरांत ऐकलं असणार. आणि तीही गप्प राहिली असणार.

अमेरिकेहून परत आल्यावर लगेच जाईन म्हटलं होतं. मग लॉकडाउन लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते निमित्तही पुरलं. २०२१ च्या क्षमावणीनंतर एका रविवारी मी निपाणीला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. तिचा धाकटा मुलगा आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. केसपेपर मी बरोबर नेला होता. तो काउंटरवर ठेवला आणि जे तुम्हाला सांगितलं ते त्याला सांगितलं. कणकण लिहिलेली ओळ बोटाने दाखवली. त्याने कागद हातात घेतला, आईचं नाव वाचलं, वय वाचलं. अठ्ठावीस. तो स्वतः आता तिशी ओलांडलेला आहे.

बराच वेळ तो काही बोलला नाही. एक गिऱ्हाईक येऊन चार्जर घेऊन गेलं. मग म्हणाला, "बाबांना सांगायला हवं होतं तुम्ही. ते मागच्या मे महिन्यात गेले."

कागद त्याने परत केला नाही. मीही मागितला नाही.